वाळीत टाकण्यापासून वाढत्या सभासदांपर्यंत: गणितज्ञांच्या युनियनची शंभर वर्षं

ऑगस्ट 2010 मध्ये इंटरनॅशनल मॅथेमॅटिकल युनियनची महासभा बंगळुरूला भरली. लगेच पुढे हैदराबादला गणितज्ञांचं चार वर्षांनी येणारं मोठं अधिवेशन होतं, त्यामुळे बाहेरच्या जगाचं लक्ष तिकडेच होतं. बंगळुरूत मात्र एक ठराव झाला. युनियनचं कार्यालय तोवर चिटणीस ज्या गावचा असेल त्या गावी फिरत असे, ते आता कायमचं एका जागी ठेवायचं आणि ती जागा बर्लिन असेल. 2011 पासून कार्यालय तिथे आहे. कारभाराचा साधा ठराव म्हणून तो वाचून पुढे जाता येतं. पण ज्या संघटनेने जन्मतःच जर्मन गणितज्ञांना वाळीत टाकलं होतं, तिचं घर बर्लिनला व्हावं, यामागे फार मोठी वाट आहे.

या युनियनचा सभासद कोणी एक माणूस नसतो, देश असतो. त्या देशाच्या वतीने तिथली गणित परिषद किंवा विज्ञान अकादमी नाव नोंदवते आणि वर्गणी भरते. त्यामुळे एखादा देश आत नसला, की तिथल्या हुशारातल्या हुशार माणसालाही या व्यवस्थेत आवाज राहत नाही. सगळी भांडणं इथूनच सुरू होतात.

1914 च्या ऑक्टोबरात, महायुद्ध पेटल्यावर, 93 जर्मन विद्वानांनी आपल्या सैन्याच्या समर्थनार्थ पत्रक काढलं. त्यावर नामवंत जर्मन गणितज्ञ फेलिक्स क्लाइन यांची सही होती. तितक्याच नामवंत डाविड हिल्बर्ट यांची नव्हती. फ्रेंच आणि बेल्जियन विद्वानांच्या मनात ते पत्रक खोल रुतलं, आणि ज्यांची गावं जळली होती त्यांचा राग समजण्यासारखा आहे. 1919 मध्ये ब्रुसेल्सला देशोदेशीच्या विज्ञानाला एका छत्राखाली आणणारं इंटरनॅशनल रिसर्च काउन्सिल स्थापन झालं तेव्हा जर्मनी आणि तिच्या बाजूने लढलेल्या देशांना त्यात जागाच ठेवली नाही. एमिल पिकार हे फ्रेंच गणितज्ञ त्याचे अध्यक्ष होते. युद्धात त्यांनी पोटचा मुलगा गमावला होता, हे त्यांच्या कठोरपणाकडे पाहताना विसरून चालणार नाही.

त्याच छत्राखाली सप्टेंबर 1920 मध्ये स्ट्रासबुर्गला गणिताची युनियन जन्मली. शहराची निवडही मुद्दामच केलेली होती, कारण ते नुकतंच जर्मनीकडून फ्रान्सकडे परत आलं होतं. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, म्हणजे आपल्या रामानुजन यांचे हार्डी, या बहिष्काराच्या स्पष्ट विरोधात होते. 1924 चं अधिवेशन अमेरिकेत व्हायचं होतं, पण बहिष्काराच्या अटीवर अमेरिकन गणितज्ञ मागे सरले. मग कॅनडाच्या जॉन चार्ल्स फील्ड्स यांनी ते टोरोंटोला उभं केलं, तेही जर्मनांशिवाय. त्या अधिवेशनातून उरलेल्या पैशांतून पुढे फील्ड्स पदक आलं, आज गणितातला सर्वांत मोठा मान समजलं जाणारं. पदकाला कुठल्याही देशाचं, संस्थेचं किंवा व्यक्तीचं नाव जोडू नये, असं फील्ड्स यांनी लिहून ठेवलं होतं. स्वतःच्या डोळ्यांसमोर जे फाटताना पाहिलं, ते सांधण्याची तळमळ मला त्या वाक्यात दिसते. लोकांनी प्रेमापोटी त्यांचंच नाव पदकाला चिकटवलं, ती गोष्ट वेगळी.

1926 मध्ये काउन्सिलने बंदीचं कलम काढलं. पण दार उघडलं म्हणून बाहेर ठेवलेला माणूस लगेच आत येतोच असं नाही; अपमान झालेला असतो. जर्मनी आली नाही. 1928 ला बोलोन्याच्या अधिवेशनात इटालियन गणितज्ञ साल्वातोरे पिंकेर्ले यांनी जर्मनांना बोलावलं, तर आता जर्मनीतच बीबरबाखसारखे गणितज्ञ ‘जाऊ नका’ म्हणू लागले. हिल्बर्ट तब्येत बरी नसतानाही साठहून अधिक सहकाऱ्यांना घेऊन गेले. सभागृहात त्यांच्यासाठी टाळ्यांचा कडकडाट झाला. गणिताला वंश ठाऊक नसतो, असं त्यांनी तिथे सांगितलं. युनियनला मात्र ते मानवलं नाही. रुसवेफुगवे चालूच राहिले आणि 1932 मध्ये झुरिचला ती गुंडाळली गेली. अधिवेशनं चालू राहिली, 1936 ला ऑस्लोत पहिली फील्ड्स पदकंही दिली गेली, पण देशांना एकत्र बांधणारी संघटना जवळजवळ वीस वर्षं नव्हतीच.

दुसऱ्या महायुद्धानंतर ती पुन्हा उभी करायला पुढे आले अमेरिकेचे गणितज्ञ मार्शल स्टोन. पहिली चूक पुन्हा करायची नाही, हा त्यांचा आग्रह होता: हरलेले देशसुद्धा पहिल्या दिवसापासून पंगतीत हवेत. 1951 मध्ये दहा देशांच्या नोंदणीवर नवी युनियन अस्तित्वात आली. त्या दहांत जर्मनी होती, जपानही होता. 1952 ला रोममध्ये पहिली महासभा भरली आणि स्टोन अध्यक्ष झाले. सोव्हिएत रशिया 1957 मध्ये आला.

इथून पुढच्या वाढीत मुंबईचाही हात आहे. होमी भाभांच्या बोलावण्यावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आलेले के. चंद्रशेखरन 1961 ते 1966 युनियनचे चिटणीस होते आणि 1971 ते 1974 अध्यक्ष. जगाच्या गणिताचा पत्रव्यवहार काही वर्षं कुलाब्यातून चालला, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. आपल्याकडे संघटनेची सवय जुनीच होती. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी 1907 ची, आणि तिचं ग्रंथालय कित्येक वर्षं पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होतं.

सगळ्यात अवघड गाठ चीनची. तैवान सभासद, त्यामुळे बीजिंग बाहेर. जगातल्या सर्वांत मोठ्या लोकसंख्येचे गणितज्ञ तिसाहून अधिक वर्षं युनियनबाहेर राहिले. 1986 मध्ये तोडगा निघाला. ‘चीन’ हे सभासदत्व एकच, पण त्याखाली बीजिंगची आणि तैपेईची अशा दोन संस्था. 2002 चं अधिवेशन बीजिंगला झालं.

देशांचे पाच गट आहेत. पहिल्या गटाला एक मत, पाचव्याला पाच, आणि वर्गणीही त्याच चढत्या क्रमाने. ज्यांना पहिल्या गटाची वर्गणीही जड जाते त्यांच्यासाठी सहयोगी सभासदत्व सुरू झालं: वर्गणी नाही, मतही नाही, पण नाव नोंदवलेलं. असे धरून देशांची संख्या आज 80 च्या पुढे आहे. आफ्रिकेतला बराच भाग अजून बाहेर आहे, आणि हे मला खरोखर खटकतं.

2022 चं अधिवेशन सेंट पीटर्सबर्गला ठरलं होतं. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर काही दिवसांतच युनियनने ते तिथून काढून ऑनलाइन घेतलं आणि महासभा हेलसिंकीत भरवली. तिथेच युक्रेनच्या मारिना व्हियाझोव्स्का यांना फील्ड्स पदक मिळालं. रशियाचं सभासदत्व मात्र काढून घेतलं नाही.