फाइल बंद, वही उघडी : लिनक्समधल्या परवानग्या आल्या कुठून

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्यात एक शाळा आहे. तिथल्या संगणक खोलीतली जुनी मशीनं लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतात आणि ती सांभाळायला मी जात असतो. कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा तिथल्या सरांचा फोन आला. सहामाहीच्या गुणांची फाइल त्यांनी ४४४ करून ठेवली होती, म्हणजे कुणालाही फक्त वाचता येईल अशी. तरी ती गायब झाली. "भाऊ, फाइल तर बंद केली होती नं, मंग पुसली कशी?"

एका पोराने सामायिक फोल्डर साफ करताना बाकीच्या पसाऱ्यासोबत तीही काढून टाकली होती. त्याची काही चूक नव्हती, कारण लिनक्सच्या नियमाने त्याला ते करता येत होतं. हा नियम पन्नास वर्षांहून जुना आहे. तो का तसा आहे हे समजलं की परवानग्यांचं अर्धं कोडं सुटतं.

१९६० च्या दशकात अमेरिकेत एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज ही संशोधन संस्था मिळून मल्टिक्स नावाची मोठी प्रणाली उभी करत होते. एकाच महागड्या यंत्रावर अनेक जण एकाच वेळी काम करणार, म्हणून कुणाची फाइल कुणी पाहायची याची प्रत्येक फाइलला वेगळी यादी, असा तिथला सविस्तर बंदोबस्त होता. १९६९ मध्ये बेल लॅब्ज त्यातून बाहेर पडली. तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर युनिक्स ही प्रणाली सुरू केली, लिनक्स पुढे तिच्याच धर्तीवर आलं. जागा इतकी कमी, की लांबलचक याद्या परवडणाऱ्या नव्हत्या. परवानग्या मोजक्या बिटांत, म्हणजे हो-नाही एवढंच सांगणाऱ्या खुणांत, बसवाव्या लागल्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि सरांच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. फाइलची खरी नोंद (मालक कोण, परवानगी काय, मजकूर डिस्कवर कुठे) त्यांनी आयनोडमध्ये ठेवली. नाव मात्र तिथं ठेवलं नाही. नाव असतं डिरेक्टरीत (म्हणजे फोल्डरमध्ये), आणि डिरेक्टरी म्हणजे नाव आणि आयनोड क्रमांक यांच्या जोड्यांची नुसती वही. १९७१ च्या पहिल्या आवृत्तीत अशी एक नोंद १० बाइटची होती : २ बाइट क्रमांकाला, ८ नावाला.

आपल्याकडच्या माणसाला हे चटकन कळतं. शेत आपल्या जागी असतं, वहीत असते सर्व्हे नंबराची एक ओळ. ओळ खोडायची तर वहीवर हात चालवायची मुभा लागते. शेताला काटेरी कुंपण आहे की नाही, याचा तिथं संबंध येत नाही. फाइल पुसणं म्हणजे वहीतली ओळ खोडणं. सरांनी कुंपण घातलं होतं, पण वही, म्हणजे तो सामायिक फोल्डर, ७७७ होता. सगळ्यांना उघडा.

डिरेक्टरीवरच्या 'एक्स' या परवानगीचंही असंच. फाइलवर त्याचा अर्थ 'चालव', डिरेक्टरीवर 'आत जा'. मी त्याला पांदण, म्हणजे शेतात जायची वाट, म्हणतो. फक्त 'आर', म्हणजे वाचन, असेल तर आतली नावं दिसतात, पण पांदणच नसल्यामुळे शेतापर्यंत पोचता येत नाही. फक्त 'एक्स' असेल तर यादी दिसत नाही, पण नाव ठाऊक असलेला माणूस थेट जाऊ शकतो.

पहिल्या आवृत्तीत 'गट' नव्हताच. मालकाला वाचन-लेखन, इतरांना वाचन-लेखन, सगळ्यांसाठी मिळून चालवण्याचा एक बिट आणि एक सेट-यूआयडी, एवढ्यावर भागत होतं. हा सेट-यूआयडी रिचीचा : तो लावलेला प्रोग्राम, चालवणारा कुणीही असो, प्रोग्रामच्या मालकाच्या अधिकाराने चालतो. पासवर्डची फाइल सामान्य माणसाला लिहिता येत नाही, तरी स्वतःचा पासवर्ड बदलता येतो, तो याच्या जोरावर. १९७९ मध्ये त्याचं पेटंटही मिळालं. पुढच्या आवृत्त्यांत गट आला आणि मालक, गट, इतर असे तीन-तीन बिटांचे नऊ बिट झाले. ७५५, ६४४ हे आकडे तिथून आले : मालक, गट, इतर यांना एकेक आकडा, आणि प्रत्येकात वाचनाचे ४, लेखनाचे २, चालवण्याचा १ यांची बेरीज.

तपासणीची रीतही कडक आहे. तुम्ही मालक असाल तर फक्त मालकाचे तीन बिट पाहिले जातात. ०७७ असलेली फाइल साऱ्या गावाला वाचता येते, मालकाला नाही. विश्वास बसत नसेल तर करून पाहा.

उघड्या वहीवरचा इलाज उशिरा आला. स्टिकी बिट १९७० च्या दशकात वेगळ्याच कामासाठी निघाला होता, प्रोग्रामचा मजकूर स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीला पूरक म्हणून राखलेल्या डिस्कच्या जागेत, टिकवून ठेवायला. १९८६ च्या ४.३ बीएसडीत (बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये) त्याला डिरेक्टरीवर नवा अर्थ मिळाला : ओळ खोडायची तर ती फाइल तुमची हवी, किंवा डिरेक्टरी तुमची हवी. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स सुरू केलं तेव्हा युनिक्सची ही रीत तिथं आली. सगळ्यांना सामायिक असलेली 'टीएमपी' ही तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी आजही १७७७ असते; पुढचा १ म्हणजे स्टिकी बिट.

शाळेत आम्ही तेच केलं. फोल्डरची मालकी रूटकडे, म्हणजे यंत्राच्या सर्वाधिकारी खात्याकडे, दिली, त्याला १७७७ केलं आणि गुणांची फाइल सरांच्या ७०० असलेल्या डिरेक्टरीत हलवली. तपासणी मात्र रूट होऊन केली नाही. रूटला वाचन-लेखनाचे हे बिट अडवतच नाहीत, मग त्या तपासणीतून काय कळणार? विद्यार्थ्याच्या नावाने लॉगिन केलं. सामायिक फोल्डरमध्ये सरांनी एक चाचणीची फाइल ठेवली होती, ती पुसायला गेलो. उत्तर आलं, 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. मग सरांच्या डिरेक्टरीत शिरायला गेलो : 'परमिशन डिनाइड'. सरांनी दोन्ही वाक्यं वहीत उतरवून घेतली आणि विचारलं, ही दोन वेगळी का? पहिल्यात स्टिकी बिटाने हात धरला होता. दुसऱ्यात पांदणच बंद होती.