मासेच ठेवायचे, तर दिवा कुणासाठी?

नेरूळला आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर खाऱ्या पाण्याची चार फुटी टँक आली आहे. प्रवाळ नाहीत, ठेवायचेही नाहीत. दोन क्लाऊनफिश आणि तीन निळे डॅमसेल, एवढाच संसार. तरी दिव्याची चौकशी केली तर आकडा आला 16 हजारांचा. वहिनींनी मला जिन्यातच गाठलं. "भाऊजी, माशांना एवढा उजेड लागतो का हो?"

नाही लागत. तो लागतो प्रवाळांना. प्रवाळ हा प्राणी असला तरी त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवालं राहतात आणि उजेडावर साखर बनवून तीच त्याला पोसतात. लक्षद्वीपच्या नितळ, उथळ पाण्यात पडणारं ऊन घरात आणायचं, म्हणून ते दिवे एवढे जोरकस आणि महाग. मासा मात्र आपण टाकलेल्या खाण्यावर जगतो. त्याच्या टँकवर हा दिवा लावला, तर त्या उजेडावर पोसलं जाणार ते काचेवरचं शेवाळ. त्याला खतही आयतंच मिळतं, कारण माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट साचत राहतात.

मग दिवा निवडायचा तो आपल्या आणि माशांच्या डोळ्यांसाठी.

आधी आपले डोळे. क्लाऊनफिशचा नारिंगी रंग रंगद्रव्याचा असतो. वरून पडणाऱ्या उजेडात नारिंगी-लाल छटा असेल, तरच तो खुलतो. डॅमसेलच्या निळाईची गोष्ट वेगळी आणि मला फार आवडणारी. त्याच्या त्वचेतल्या काही पेशींत ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या अतिशय पातळ स्फटिकांचे थर असतात आणि त्या थरांवरून निळा प्रकाश परत फिरतो. घरातल्या 3000 केल्विनच्या (केल्विन हे उजेडाच्या छटेचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) पिवळसर बल्बमध्ये निळा कमी, म्हणून त्याखाली डॅमसेल मलूल दिसतो. नुसती निळी पट्टी लावली, तर क्लाऊनफिश मातकट. दोघांनाही न्याय देतो तो 6500 ते 10000 केल्विनचा पांढरा उजेड. पांढऱ्या एलईडीच्या पोटात बहुधा निळाच एलईडी असतो, त्याच्यावर पिवळसर प्रकाश देणारा लेप. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा निळा आधीच हाताशी आहे. जोडीला एक लहान निळी पट्टी पुष्कळ झाली. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं 100 पैकी माप, 90 च्या आसपास असेल, तर नारिंगी आणखी खरा दिसतो.

आता माशांचे डोळे. त्यांना आपल्यासारख्या पापण्या नाहीत आणि बहुतेकांची बाहुली उजेडात लहान होत नाही. त्याऐवजी दृष्टिपटलातल्या पेशीच जागा बदलतात. उजेड वाढला की अंधारात पाहणाऱ्या दंडपेशी गडद रंगद्रव्याच्या आड सरकतात आणि उजेडात पाहणाऱ्या शंकुपेशी पुढे येतात. या हालचालीला बरीच मिनिटं लागतात, कधी अर्धा तासही. काळोखात झपकन दिवा लावला की मासे सैरावैरा धावून काचेवर आपटतात, ते यामुळेच. आधी खोलीतला दिवा लावावा, मग टँकचा.

चार फुटी टँकला 20 ते 30 वॅट भरपूर झाले. 20 वॅटचा दिवा रोज 8 तास जळला, तर महिन्याला 5 युनिटंही होत नाहीत. एलईडीची बरीचशी उष्णता पाठीमागच्या पत्र्यातून निघून जाते, म्हणून तो पत्रा झाकू नये. नवी मुंबईच्या मे महिन्यात पाणी थंड ठेवणं हीच मोठी कसरत असते, आणि कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो.

पैसे वाचवू नयेत ते मिठापासून दिवा आणि वायर सांभाळण्यात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बुडबुडे फुटून उडालेले थेंब सुकले की वायरच्या जोडांवर पांढरी खपली धरते आणि तांबं खाल्लं जातं. पट्टीवर आयपी 67, म्हणजे धूळ आणि पाणी आत शिरत नाही अशी खूण, लिहिलेलं असलं, तरी ती चाचणी गोड्या पाण्यात होते. त्यामुळे पट्टी आणि पाणी यांच्यामध्ये काचेचं झाकण हवंच. अडॅप्टर टँकच्या खाली ठेवू नये, आणि वायरला सॉकेटपेक्षा खाली झोळ द्यावा, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथूनच टपकतं.

वहिनींनी शेवटी एक पांढरी आणि एक निळी पट्टी घेतली, दोन वेगळ्या टायमरांवर. घरातली माणसं संध्याकाळीच परततात, म्हणून पांढरी दुपारी दीडला लागते आणि रात्री नऊला जाते. निळी अर्धा तास आधी लागते आणि अर्धा तास उशिरा विझते. त्या अर्ध्या तासात दोन्ही क्लाऊनफिश आपापला कोपरा गाठतात.