बंदूक घर राखते, म्हणून वस्तीही राखते का?

जानेवारी २०१४ मध्ये डेट्रॉइटचे पोलीसप्रमुख जेम्स क्रेग यांनी पत्रकारांसमोर सरळ सांगून टाकलं, की परवाना असलेले चांगले नागरिक शस्त्र बाळगू लागले तर गुन्हे कमी होतात. अमेरिकेतल्या मोठ्या शहराचा पोलीसप्रमुख असं बोलत नाही, म्हणून देशभर चर्चा झाली. पण त्या वेळचं डेट्रॉइट डोळ्यांसमोर आणा. आदल्याच जुलैत शहराने दिवाळखोरी जाहीर केली होती. तातडीच्या फोननंतरही पोलीस पोहोचायला सरासरी ५८ मिनिटं लागतात, हे शहर प्रशासनानेच मान्य केलं होतं. दार फोडण्याचा आवाज येतोय आणि मदतीला जवळजवळ तासभर आहे, अशा घरातल्या माणसाने बंदूक विकत घेतली तर त्याला नावं ठेवायचा मला अधिकार वाटत नाही.

मात्र या वादात दोन प्रश्न एकमेकांत इतके मिसळले आहेत, की एकाचं उत्तर दुसऱ्याला सर्रास चिकटवलं जातं. पहिला प्रश्न माणसाचा आहे: संकटाच्या क्षणी हाताशी हत्यार असेल तर त्याचा जीव वाचू शकतो का? दुसरा वस्तीचा आहे: घरोघरी हत्यारं पोहोचली तर तिथले गुन्हे घटतात का? समर्थक पहिल्याचं ‘हो’ दुसऱ्याच्या पुराव्यादाखल देतात. विरोधकही तीच गल्लत उलट बाजूने करतात. वस्तीवर परिणाम होत नाही असं दाखवण्याच्या नादात, एकटा माणूस कधी बंदुकीमुळे वाचतो हेही नाकारतात.

पहिल्या प्रश्नाचा चेहरा म्हणजे ओटिस मॅकडोनाल्ड. शिकागोच्या दक्षिणेकडच्या मॉर्गन पार्कमध्ये राहणारा हा निवृत्त कृष्णवर्णीय गृहस्थ. भोवतालची वस्ती डोळ्यांदेखत टोळ्यांच्या ताब्यात गेली, घरात अनेकदा चोऱ्या झाल्या. शॉटगन होत्या, पण उशाशी ठेवायला पिस्तूल हवं होतं आणि शिकागोत १९८२ पासून नव्या पिस्तुलांना बंदी होती. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २८ जून २०१० रोजी पाच विरुद्ध चार मतांनी जिंकला. न्यायालयाने ठरवलं ते एवढंच, की घराच्या रक्षणासाठी शस्त्र ठेवण्याचा हक्क शहरं आणि राज्यंही हिरावू शकत नाहीत. पिस्तुलं आल्यावर मॉर्गन पार्कमधले गुन्हे कमी होतील का, हे ठरवणं त्या खटल्याचं कामच नव्हतं. तरीही त्या निकालाकडे अनेकांनी गुन्हेगारीवरचा तोडगा म्हणून पाहिलं.

बरं, पहिल्या प्रश्नाचं उत्तरही वाटतं तितकं निखळ नाही. बंदूक घरात येते ती एका रात्रीसाठी नाही. ती वर्षानुवर्षं तिथेच राहते. घरातल्या भांडणाच्या, दारूच्या, नैराश्याच्या रात्रीही ती तिथेच असते. १९९३ मध्ये तीन अमेरिकी काउंट्यांच्या (जिल्ह्यांच्या) अभ्यासात बंदूक असलेल्या घरात खून होण्याचा धोका २.७ पट आढळला. ज्यांना आधीच धोका आहे तेच बंदूक घेतात, असा आक्षेप त्यावर आला आणि तो रास्त होता. म्हणून कॅलिफोर्नियाचा २०२२ चा अभ्यास मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात स्वतः पिस्तूल न बाळगणारी, पण पिस्तूल असलेल्या माणसासोबत राहणारी माणसं तपासली. त्यांचा खून होण्याचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त निघालं, आणि घरात जोडीदाराच्या हातून गोळी लागून मरण्याचं तर सुमारे सातपट. अशा मारल्या गेलेल्यांत बहुतेक बायका होत्या. वस्तीच्या संरक्षणावरच्या सभांमध्ये या बायकांचा विषय निघत नाही, याचा मला फार त्रास होतो. आत्महत्यांचंही तेच: २०२१ मध्ये अमेरिकेत गोळीने मेलेल्या ४८,८३० जणांपैकी २६,३२८ जणांनी स्वतःच चाप ओढला होता.

भीतीचा भाग वेगळाच. क्रेग यांच्या वक्तव्याच्या दोनच महिने आधी, डेट्रॉइटला लागून असलेल्या डिअरबॉर्न हाइट्समध्ये गाडीचा अपघात झालेली १९ वर्षांची मुलगी पहाटे एका घराच्या ओसरीवर दार ठोठावत होती. घरमालकाला वाटलं चोर आले. त्याने शॉटगन झाडली. मुलगी निःशस्त्र होती. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्याला खुनाबद्दल दोषी ठरवलं. वस्तीत दहशत आणि हत्यारं दोन्ही वाढली, की दारावरची प्रत्येक थाप संशयाची होते.

आता दुसरा प्रश्न. २०१३ मध्ये ह्यूस्टनमध्ये एक प्रकल्प सुरू झाला. गुन्हे जास्त असलेल्या वस्त्यांतल्या रहिवाशांची पार्श्वभूमी तपासून, प्रशिक्षण देऊन त्यांना फुकट शॉटगन द्यायची. अमुक वस्तीत घरोघरी बंदूक आहे हे कळलं की चोर फिरकणार नाहीत, हा त्यामागचा हिशेब. कल्पना नवी नव्हती. अटलांटाजवळच्या केनेसॉ गावाने १९८२ मध्ये प्रत्येक कुटुंबप्रमुखाने बंदूक ठेवावी असा ठरावच केला होता. नंतर घरफोड्या घटल्याचे दाखले बरीच वर्षं दिले गेले, पण संशोधकांनी अनेक वर्षांचे आकडे तपासले तेव्हा ठरावामुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. मुळात ते छोटं उपनगर होतं आणि ठरावाची सक्ती कधी झालीच नाही. त्याचा धडा डेट्रॉइटच्या पडक्या घरांच्या गल्ल्यांना लावणं ओढूनताणून होतं.

चोराला धाक बसण्याच्या कल्पनेत एक मोठी फट आहे. घरफोडी करणारा बहुतेक वेळा घर रिकामं पाहून येतो. मालक कामावर असताना बंदूक त्याला रोखत नाही. उलट सहज खिशात जाणारा, रस्त्यावर हमखास विकला जाणारा माल बनते. फिलिप कुक आणि जेन्स लुडविग या संशोधकांनी अमेरिकी आकडे तपासून दाखवलं, की जिथे बंदुका जास्त तिथे घरफोड्या कमी झालेल्या नाहीत, उलट कल वाढीकडेच आहे. म्हणजे सज्जनाला दिलेलं शस्त्र उद्या कोपऱ्यावरच्या पोराच्या कमरेला दिसू शकतं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे गोळीबार करतो कोण आणि कोणावर. शिकागोच्या २००६ ते २०१२ च्या नोंदींवरून समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू पापाक्रिस्टोस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की गोळी लागून जखमी झालेल्यांपैकी ७० टक्के लोक शहराच्या जेमतेम ६ टक्के लोकसंख्येच्या जाळ्यातले होते. एकमेकांना ओळखणारी, एकत्र अटक झालेली, जुन्या खुन्नसा बाळगणारी तरुण मुलं. त्यांचे सूड रस्त्यावर, गाडीतून, पार्टीबाहेर उगवले जातात. मॅकडोनाल्डच्या उशाशी असलेल्या पिस्तुलाचा तिथे काय संबंध? शिवाय त्या मुलांच्या हातात हत्यारं आधीपासूनच आहेत. शस्त्रांनी धाक बसत असता तर तेच कोपरे सगळ्यात शांत असते.

शस्त्र घेऊन फिरण्याच्या परवान्याचा वाद थोडा निराळा आहे. परवाने सैल केल्याने गुन्हे घटतात की वाढतात, यावर तिथे वर्षानुवर्षं आकड्यांची लढाई चालली. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने पुरावा कोणत्याच बाजूने पुरेसा नाही असं म्हटलं. २०१९ मध्ये संशोधक जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांनी परवाने सैल केलेल्या राज्यांत दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, ते सैल केले नसते तर झाले असते त्यापेक्षा, १३ ते १५ टक्के जास्त असल्याचा निष्कर्ष काढला.

क्रेग यांच्या काळात डेट्रॉइटमध्ये लूटमार घटली आणि त्यांनी श्रेय शस्त्रधारी नागरिकांनाही दिलं. पण त्याच काळात पोलीस खात्याची फेररचना झाली होती, इतर उपायही चालू होते. खून मात्र त्यानंतरही कित्येक वर्षं वर्षाला अडीचशे-तीनशेच्या घरातच राहिले. २०२० मध्ये देशात बंदूकखरेदीचा उच्चांक झाला, त्या वर्षी डेट्रॉइटमध्ये ३२७ खून झाले. महासाथीचं ते वर्ष, त्यामुळे खापर एकट्या बंदुकांवर फोडता येणार नाही. पण बंदुकांनी वस्ती शांत होते या दाव्याला तिथे आधारही सापडत नाही.

ज्या उपायांनी वस्तीचा प्रश्न हलला ते दिसायला फार साधे आहेत. फिलाडेल्फियात ओसाड प्लॉट साफ करून गवत लावलं, ठेंगणं लाकडी कुंपण घातलं, तर दारिद्र्यरेषेखालच्या भागांत बंदुकीची हिंसा २९ टक्क्यांनी घटली. डेट्रॉइटने २०२३ पासून स्थानिक संघटनांना एकेक भाग नेमून दिला. त्याच गल्ल्यांत वाढलेली, कधीकाळी त्याच वाटेने गेलेली माणसं पोरांना गाठतात, भांडण गोळीपर्यंत पोहोचण्याआधी मध्ये पडतात. त्यांच्या भागातली हिंसा शहराच्या इतर भागांपेक्षा वेगाने घटली तर संघटनेला जादा पैसे मिळतात. २०२३ मध्ये शहरात २५२ खून झाले, २०२४ मध्ये २०३. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर इतका कमी आकडा डेट्रॉइटने पाहिला नव्हता. श्रेयाचे वाटेकरी इथेही अनेक आहेत आणि देशभर त्या काळात खून घटत होते. पण या कामाचा सुरुवातीचा पैसा केंद्राच्या कोविडकाळातल्या मदतनिधीतून आला होता. तो निधी कायमचा नव्हता आणि ही माणसं पगाराशिवाय रात्री-अपरात्री रस्त्यावर उभी राहू शकत नाहीत.