वेळेवर संपणारं औषध

मेडिकलवाल्याला ‘डोळे लाल झालेत, काहीतरी द्या’ म्हटलं की पुष्कळदा स्टेरॉइडच्या थेंबांची बाटली हातात पडते. दोन दिवसांत लाली ओसरते, खाज थांबते, आणि मग तीच बाटली दर उन्हाळ्यात घरी येते. या थेंबांनी डोळ्यातला दाब वाढत असला तरी कळत नाही. अशा दाबातून होणारा काचबिंदू बहुधा दुखतच नाही, तिथंच घात होतो.

१९५२ साली हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडच्या मलमाने त्वचेचा दाह शमतो हे दिसलं. त्यानंतर रसायनशास्त्रज्ञ बरीच वर्षं एकाच गोष्टीच्या मागे होते: औषध आणखी जोरदार कसं करायचं? रेणूत फ्लोरिन बसवा, आणखी काही बदला. त्यातून क्लोबेटासोलसारखी जहाल औषधं आली. आपल्याकडे क्लोबेटासोल नायट्यावरही सर्रास चोळतात. खाज जाते, बुरशी मात्र खुशाल पसरते.

फ्लोरिडा विद्यापीठातले मूळचे हंगेरीचे रसायनशास्त्रज्ञ निकोलस बोडोर यांना मात्र काम झालं की आपोआप निकामी होणारं स्टेरॉइड हवं होतं. त्यांनी सुरुवात केली ती थेट औषधाच्या राखेपासून. प्रेडनिसोलोन या नेहमीच्या स्टेरॉइडवर शरीरात प्रक्रिया होऊन जे पदार्थ उरतात, त्यांत एक आम्ल असतं. त्याला स्टेरॉइडचा गुण नाही, म्हणून अपायही नाही. बोडोर यांनी या निकामी आम्लाच्या सतराव्या कार्बनवर दोन जोड बसवले: एकीकडे क्लोरोमिथाइल एस्टर, दुसरीकडे एथिल कार्बोनेट. रेणू पुन्हा कामाचा झाला. पण एस्टर हा कच्चा दुवा, आणि तोही मुद्दाम ठेवलेला. डोळ्यातली विकरं तो तोडतात आणि उरतं ते पुन्हा निकामीच. शिवाय नेहमीच्या स्टेरॉइडमधला विसाव्या कार्बनवरचा कीटोन इथं नाही. तो भिंगातल्या प्रथिनांना चिकटतो आणि त्यातून मोतीबिंदू होतो, असा संशय आहे.

हे लोटेप्रेडनॉल. अमेरिकेत त्याला १९९८मध्ये मान्यता मिळाली, आपल्याकडेही मिळतं. त्याने दाब वाढण्याची शक्यता कमी असते, शून्य नव्हे. जास्त दिवस वापरायचं तर दाब मोजून घ्यावाच लागतो. डोळ्याच्या आतल्या भागाला तीव्र सूज आली तर मात्र प्रेडनिसोलोनच सरस ठरतं. लवकर निकामी होण्याची ही किंमत मला तरी रास्त वाटते.

हो, त्याचे थेंब बऱ्याचदा गढूळ असतात. औषध पाण्यात जवळपास विरघळतच नाही, त्याचे बारीक कण तळाशी बसतात. बाटली न हलवता थेंब टाकला, तर डोळ्यात जातं ते बहुतेक नुसतं पाणी.