गेम खेळताना पीसी तापतोय? प्रोसेसर शंभर टक्क्यांवर? खर्च करण्याआधी हे वाचा

एप्रिल लागला की सोलापुरातल्या आमच्या पीसी दुरुस्तीच्या काउंटरवर त्याच तक्रारी सुरू होतात. गेम लावला की पंखा नुसता ओरडतो. पंधरा मिनिटं बरं चालतं, मग गेम अडकायला लागतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभर टक्के दिसतोय, नवा घ्यावा लागेल का? बरेच जण घरून ठरवूनच येतात, की ग्राफिक कार्ड बदलायचं किंवा प्रोसेसर गार ठेवणारा महागडा कूलर बसवायचा. आमचं म्हणणं एवढंच असतं, की आधी मोजू, मग पैसे घालू. मोजायचं कसं आणि आकडे बघून काय करायचं, ते या पत्रकात सांगितलं आहे. मुलांना पीसी घेऊन देणाऱ्या आई-वडिलांनीही वाचावं, कारण खर्चाचा निर्णय शेवटी त्यांनाच घ्यायचा असतो.

टक्के वेगळे, तापमान वेगळं

प्रोसेसर किती टक्के कामात आहे आणि तो किती तापलाय, या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. वापर शंभर टक्के आणि तापमान ७० डिग्री असेल तर कूलिंग व्यवस्थित आहे, प्रोसेसरला काम जास्त पडतंय एवढंच. वापर पन्नास टक्के आणि तापमान ९५ असेल तर मात्र कूलिंगमध्ये काहीतरी बिघडलंय. पहिल्या प्रकारात गेमच्या सेटिंग बघायच्या, दुसऱ्यात कॅबिनेट उघडायचं.

गेममधल्या प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रासाठी, प्रोसेसर आधी हिशेब करतो. कोणतं पात्र कुठे आहे, गोळी कुठे लागली, गर्दीतला माणूस कुठे वळतोय, हे सगळं ठरवून मग काय काढायचं याच्या सूचना तो ग्राफिक कार्डाला देतो. फ्रेम जितक्या जास्त, तितके हे हिशेब जास्त. एफपीएसला, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम काढायच्या त्याला, मर्यादा घातली नसेल तर पीसी जमतील तेवढ्या फ्रेम काढत राहतो, अगदी गेमच्या मेनूवर नुसतं थांबलात तरी. साधा ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० फ्रेमच दाखवतो. त्यावर २०० एफपीएस काढले तर माऊसचा प्रतिसाद थोडा लवकर मिळतो, म्हणून स्पर्धेत खेळणारे ते मुद्दाम ठेवतात. बाकीच्यांच्या पदरात फक्त उष्णता आणि वीजबिल पडतं.

रिझोल्यूशनच्या, म्हणजे चित्र किती ठिपक्यांचं काढायचं याच्या बाबतीत खूप जण फसतात. गेम अडकतोय म्हणून १०८० वरून ७२० वर आणतात आणि प्रोसेसरचा वापर उलट वाढतो. रिझोल्यूशनचा भार मुख्यतः ग्राफिक कार्डावर असतो. तो हलका केला की कार्ड फ्रेम लवकर संपवतं आणि पुढची मागतं, म्हणजे प्रोसेसरच्या मागे आणखी घाई लागते. प्रोसेसरचा भार कमी करायचा असेल तर लांबचं किती दिसावं, रस्त्यावर गर्दी किती असावी, सावल्या किती बारीक असाव्यात, फिजिक्स (वस्तू पडण्या-आदळण्याचे हिशेब) किती असावं, या सेटिंग खाली आणा. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाश आणि प्रतिबिंबं खऱ्यासारखी दाखवणारी सेटिंग, प्रोसेसरवरही भार टाकते, तीही बंद करून बघा. टेक्श्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावरच्या चित्रांची) सेटिंग कमी करून प्रोसेसरला जवळजवळ काहीच फरक पडत नाही, ती ग्राफिक कार्डाच्या मेमरीची बाब आहे.

नवा गेम पहिल्यांदा सुरू केला किंवा ग्राफिकचा ड्रायव्हर अपडेट केला, की काही मिनिटं प्रोसेसर शंभर टक्क्यांवर राहतो. त्या वेळी गेम शेडर, म्हणजे ग्राफिक कार्डासाठीचे छोटे प्रोग्रॅम, तयार करत असतो. होऊ द्या. मध्येच बंद केलात तर बऱ्याच गेममध्ये पुढच्या वेळी ते काम परत करावं लागतं.

जुन्या पीसीबद्दल स्पष्टच सांगतो. इंटेल आय५ च्या तिसऱ्या-चौथ्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये चार कोअर आणि चारच थ्रेड असतात, म्हणजे एका वेळी चारच कामं चालतात. आजचे मोठे गेम त्यावर लावले तर शंभर टक्के दिसणारच. त्यावर फॉरमॅट मारून उपयोग नाही, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदलूनही नाही. एफपीएस ६० वर, नाहीतर ४५ वर बांधून घ्या, खेळ निदान एकसारखा चालेल. पुढे जमेल तेव्हा मदरबोर्डासकट बदला.

मोजायचं कसं

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. तिथे वापर दिसतो, प्रोसेसरचं तापमान दिसत नाही. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हा मोफत प्रोग्रॅम त्याच्या मूळ संकेतस्थळावरून घ्या आणि फक्त सेन्सरची खिडकी उघडा. ती चालू ठेवून अर्धा तास नेहमीसारखं खेळा, मग कमाल तापमानाचा रकाना बघा. पाच मिनिटांच्या खेळात खरं चित्र कळत नाही, कारण कूलरचा धातू आणि कॅबिनेटमधली हवा तापायलाच वेळ लागतो.

डेस्कटॉपवर खेळताना ८० च्या आत असेल तर निश्चिंत राहा. ८० ते ९० मध्ये उन्हाळ्यात चालून जातं, पण साफसफाईची वेळ आली आहे असं समजा. इंटेलच्या बहुतेक कोअर प्रोसेसरची मर्यादा १०० डिग्री आहे, एएमडी रायझनमध्ये बहुतेकांची ९० ते ९५. मर्यादेला टेकल्यावर प्रोसेसर लगेच जळत नाही. तो स्वतःचा वेग उतरवतो, यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. पंधरा मिनिटं बरं चालून मग गेम अडकतो तो बऱ्याचदा यामुळेच. वेग उतरवूनही भागलं नाही तर पीसी स्वतःहून बंद होतो. रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ ला जाऊन थांबतात, त्यांची रचनाच तशी आहे. गेमिंग लॅपटॉपही नव्वदीत खेळतात. त्यांच्या बाबतीत आकड्यापेक्षा वेग पडतोय का, ते बघावं.

सोलापूरचं ऊन आणि सुताचे तंतू

हवेवर चालणारा कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली कधीच नेऊ शकत नाही. तो खोलीपेक्षा ठरावीक डिग्री वर धरून ठेवतो. समजा, तुमचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा ४५ डिग्री वर ठेवतो. जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत, खोली २५ असते तेव्हा प्रोसेसर ७० वर. मे महिन्यात बाहेर पारा ४२ च्या वर गेलेला असतो, वर पत्रा, दुपारी खोलीत ४० डिग्री. तोच पीसी, तोच गेम, प्रोसेसर ८५ वर. बिघाड काही झालेला नसतो. म्हणून तापमान लिहून ठेवताना महिना आणि वेळही लिहा. उन्हाळ्यात जड गेम रात्री उशिरा किंवा सकाळी खेळलात तर पैसा न घालता काही डिग्री वाचू शकतात.

आपल्या शहरातली दुसरी अडचण म्हणजे सूत. साखर पेठ, अशोक चौक, अक्कलकोट रोड एमआयडीसी या बाजूने येणारे पीसी आम्ही उघडतो, तेव्हा आत नुसती धूळ नसते. यंत्रमागावरून उडालेले बारीक तंतू हीटसिंकच्या (कूलरच्या धातूच्या भागाच्या) पट्ट्यांमध्ये अडकून त्यांचा नमद्यासारखा थर झालेला असतो. पंखा पूर्ण वेगाने फिरत असतो, पण हवा पलीकडे जातच नाही. साधी माती फुंकरीने उडते, हा थर उडत नाही. लॅपटॉपमध्ये तो पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधोमध बसतो, बाहेरून दिसतही नाही. बाहेरून ब्लोअर मारला तर तो सैल होऊन आतच कुठेतरी अडकतो. खालचं झाकण उघडून, पंखा सोडवूनच काढावा लागतो. घराखाली किंवा शेजारी माग असतील तर दर तीन महिन्यांनी साफ करून घ्या. जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या घरांना वर्षातून दोनदा पुरेल.

गादीवर चादर अंथरून त्यावर लॅपटॉप ठेवून खेळू नका. आपली सोलापुरी चादर जाड असते, ती खालच्या जाळ्या पूर्ण झाकते, आणि तिचेच तंतू आत ओढले जातात. टेबलावर ठेवा, मागची बाजू दोन बोटं उचला. एवढ्यानेही फरक पडतो.

पाण्याचा डेझर्ट कूलर थेट कॅबिनेटसमोर लावू नका. खोली गार करायला जरूर वापरा, खिडकी थोडी उघडी ठेवून. पण त्याच्या झोतातून तुषार उडत असतील तर बोर्डावर क्षार बसतात आणि गंज धरतो. असे बोर्ड आमच्याकडे येतात आणि त्यातले थोडेच वाचतात.

घरी काय करता येईल

सर्वात आधी कॅबिनेट कुठे ठेवलाय ते बघा. कॉम्प्युटर टेबलच्या बंद कप्प्यात असेल तर बाहेर काढा. मागे वीतभर जागा ठेवा. मग बाजूचं झाकण काढून अर्धा तास खेळा. तापमान ठळकपणे उतरलं तर कूलर ठीक आहे, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. पुढची काच बंद असलेल्या कॅबिनेटमध्ये हे फार होतं. पुढून हवा आत येईल आणि मागून व वरून बाहेर जाईल असे पंखे लावायचे. झाकण कायम उघडं ठेवणं हा उपाय नव्हे, आपल्याकडच्या धुळीत तर नाहीच.

ब्लोअर मारताना मेन स्विच बंद करा आणि पंख्याची पाती बोटाने धरा. झोताने पंखा भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग जातं. घरातला व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका.

एफपीएसची मर्यादा गेममध्येच असते. नसेल तर एनव्हिडिया किंवा एएमडीच्या सॉफ्टवेअरमधून घाला. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर ६०. इतर काही करण्याआधी हे करा, कारण आम्ही सुचवलेल्या उपायांमध्ये सर्वात जास्त लोकांचं काम यानेच झालंय.

लॅपटॉपसाठी आणखी एक. पॉवर ऑप्शन्समध्ये प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली प्रोसेसरची कमाल पातळी १०० वरून ९९ करा. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये त्यामुळे टर्बो, म्हणजे प्रोसेसरने घेतलेला जादा वेग, बंद होतो. एफपीएस काहीसे कमी होतात, पण तापमान चांगलंच उतरतं. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही, तिथे कंपनीच्या सॉफ्टवेअरमधला शांत मोड वापरा.

खेळताना मागे क्रोमच्या वीस टॅब, दोन-तीन लाँचर, अँटिव्हायरसचं स्कॅन चालू नको. रेकॉर्डिंग करत असाल तर एन्कोडर (व्हिडिओ तयार करणारा भाग) प्रोसेसरऐवजी ग्राफिक कार्डाचा निवडा. व्हिडिओ बघून विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत कोअरची संख्या भरू नका. विंडोज मुळातच सगळे कोअर वापरते, तिथे चुकीचा आकडा भरला तर कोअर कमीच होतात. "गेम बूस्टर" नावाचे प्रोग्रॅमही नकोत.

गेम बंद असतानाही प्रोसेसर तापलेला राहतो आणि टास्क मॅनेजर उघडताच वापर एकदम खाली येतो, असं दिसलं तर फुकटात उतरवलेला क्रॅक (चोरीचा) गेम आठवा. अशा गेममधून लपून क्रिप्टो नाणी काढणारे प्रोग्रॅम शिरतात. २०२१ मध्ये अवास्ट या अँटिव्हायरस कंपनीने क्रॅकोनॉश नावाचा असाच एक प्रोग्रॅम उघडकीस आणला होता. तो क्रॅक गेममधून पसरायचा, अँटिव्हायरस बंद पाडायचा आणि लोकांच्या पीसीवर मोनेरो ही क्रिप्टो नाणी काढायचा. असा पीसी आम्ही पूर्ण पुसून नव्याने विंडोज टाकून देतो. त्यावरून बँकेचे व्यवहार केले असतील तर पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला.

पेस्ट आणि कूलर

प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली थर्मल पेस्ट काही वर्षांनी सुकते. तीन-चार वर्षं झाली असतील आणि सफाई करूनही तापमान उतरत नसेल तर ती बदला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, नवी मटारच्या दाण्याएवढी पुरते. नवा कूलर बसवत असाल तर खालची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरू नका.

एएमडीच्या एएम४ बोर्डावर फार जपून. त्या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि सुकलेली पेस्ट कूलरला चिकटून बसते. कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, बंद करून वायर काढा, मग कूलर हलक्या हाताने डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. शंका वाटली तर हात लावू नका, आमच्याकडे आणा. इंटेल प्रोसेसरसोबत डब्यात मिळणाऱ्या कूलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. त्यातली एक जरी सुटली तरी कूलर तिरका होतो आणि तापमान दोन मिनिटांत मर्यादेला जातं. बोर्डाच्या मागून चारही खुंट्या पूर्ण बाहेर आल्या आहेत का, ते बघा.

पीसी धाडकन बंद होतो

प्रत्येक वेळी दोष उष्णतेचा नसतो. बंद होण्याआधी तापमान ७५ च होतं, असं एचडब्ल्यूइन्फोच्या नोंदीत दिसलं तर एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) किंवा यूपीएस बघा. ६०० व्हीएच्या घरगुती यूपीएसवर साधारण ३६० वॅट मिळतात. ग्राफिक कार्डाने जोर घेतला की तो ओरडतो आणि सोडून देतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल-पॉवर ४१ दिसलं म्हणून एसएमपीएसच खराब, असं कोणी सांगितलं तर मानू नका. त्या नोंदीचा अर्थ फक्त पीसी नीट बंद झाला नाही एवढाच असतो.

आमच्याकडे येताना

अर्धा तास खेळून एचडब्ल्यूइन्फोच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून आणा, गेमचं नाव आणि खोलीत पंखा होता की एसी तेही सांगा. तेवढ्यावरून पुष्कळदा काउंटरवरच उत्तर मिळतं, त्याचे पैसे आम्ही घेत नाही. डेस्कटॉप आणायचा असेल तर आडवा झोपवून आणा, बोर्ड खाली आणि कूलर वर राहील असा. उभा आणला तर रिक्षाच्या धक्क्यांनी जड कूलर बोर्डाला ताण देतो. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर आधी बिल दाखवा, आम्ही तो उघडण्याआधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारणं तुमच्या फायद्याचं आहे. मे महिन्यात आमच्याकडे गर्दी असते. साफसफाई करून घ्यायची असेल तर मार्चमध्येच आणा, त्याच दिवशी परत मिळेल.