बाटलीवरचा चौकोन

पल्स पोलिओचा रविवार होता. इंदूरच्या रिवाजाप्रमाणे पोहे-जिलबी उरकून नातीला घेऊन बूथवर गेलो. टेबलावर निळा डबा, आत कडेने चार आईसपॅक, मधोमध अंगठ्याएवढ्या बाटल्या. आशा दीदींनी (इथल्या मराठी घरांतही त्यांना कोणी ताई म्हणत नाही) बाटली डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिली. मग नातीचे गाल हलकेच दाबून दोन थेंब सोडले आणि डाव्या करंगळीवर मार्करची खूण केली.

बाटलीत काय पाहत होता, विचारलं. म्हणाल्या, "ये चौकोर काला पड़ गया, तो शीशी गई."

लेबलवर एक जांभळट वर्तुळ असतं आणि त्याच्या पोटात फिकट चौकोन. चौकोनातल्या रसायनाचे रेणू उष्णता लागली की एकमेकांत गुंफले जातात आणि रंग गडद होत जातो. पाच अंशांवर हे काम महिनोन्महिने रेंगाळतं, ३७ अंशांवर दोन दिवसांत उरकतं. गुंफण सुटत नाही, त्यामुळे तापलेली बाटली पुन्हा बर्फात घालून चौकोन उजळवता येत नाही. लबाडीची सोयच ठेवलेली नाही! चौकोन वर्तुळाइतका गडद झाला, की बाटली बाद.

एवढी काळजी कशाला, तर थेंबांतले विषाणू दुबळे केलेले असले तरी जिवंत असतात. ते आतड्यात वाढतात, म्हणून आतड्यातच पहारा बसतो. उष्णतेने त्यांचं प्रथिनांचं कवच बिघडलं, की ते पेशीला चिकटतच नाहीत. बाळ तोंड वाकडं करून थेंब गिळतं, आईबाप निश्चिंत होतात, आणि संरक्षण मात्र मिळालेलं नसतं. बाहेरून पाहून हे कळणार कसं? १९९६ पासून ते काम हा चौकोन करतो. पोलिओच्या इंजेक्शनचा स्वभाव उलटा: त्यात मेलेले विषाणू, आणि ते गोठलं की वाया. थेंब मात्र उणे २० अंशांतही खुशाल राहतात.

रांगेतल्या एका आजोबांचा प्रश्न रास्त होता: पोलिओ गेला ना, मग हे अजून का? जंगली, म्हणजे निसर्गातल्या मूळ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला, २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्रही मिळालं. जंगली विषाणूच्या तीन प्रकारांपैकी दोन जगातून संपले. उरलेला पहिला प्रकार पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात ठाण मांडून आहे. संसर्ग झालेल्या साधारण २०० जणांपैकी एखाद्यालाच लकवा होतो, बाकीचे हसतखेळत शौचावाटे विषाणू पसरवत राहतात. लंगडणारं मूल दिसत नाही, एवढ्यावरून विषाणू नाही असं म्हणता येत नाही. म्हणून तर सांडपाण्याचे नमुने तपासतात. गटाराचं पाणी डॉक्टरांच्या आधी बातमी देतं.

आजोबांना हे सगळं मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. दीदींनी मला कोपराने बाजूला सारलं.

"अंकलजी, ज़रा हटो. ढक्कन लगाने दो, डिब्बा गरम हो रहा है."