कांदळवनात वास येतो म्हणजे तिथे गटार सोडलंय?

खूप वर्षांपासून फिरणारा फॉरवर्ड आहे, कांदळवनात, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलात, सडका वास येतो म्हणजे तिथे सांडपाणी सोडलंय, जागा घाण आहे, लहान मुलांना नेऊ नका. वास खरा आहे, कारण चुकीचं आहे.

अंदमानात बाराटांगला चुनखडीच्या गुहा बघायला नीलांबूर जेट्टीवरून बोट निघते, पुढे खाडी अरुंद होते आणि डोक्यावर कांदळाच्या फांद्यांचं छत येतं, आजूबाजूला शहर नाही, तरी ओहोटीला चिखल उघडा पडला की तोच सडक्या अंड्यासारखा वास येतो.

होतं असं की खारट चिखलात हवा शिरत नाही, मग तिथले जिवाणू ऑक्सिजनऐवजी समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून पडलेली पानं कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाईड वायू सुटतो. तिवर या कांदळवनातल्या झाडाची मुळं चिखलातून वर पेन्सिलीसारखी येतात ती त्यासाठीच, खाली हवा नाही म्हणून.

बघायचं असेल तर ओहोटीला काठावरचा थोडासा चिखल काडीने उकरा, वर तपकिरी आणि खाली काळा दिसेल, तो काळा हवेत ठेवला की हळूहळू फिकट होतो. भरतीला वासही कमी होतो.

मुंबईच्या काही खाड्यांत खरंच सांडपाणी येतं, पण तिथे फेस, प्लॅस्टिक, नाल्याचं तोंड असं काहीतरी दिसतं, नुसत्या वासावरून ते ठरवू नका.